थकलेलं भाडं, दारातलं गिऱ्हाईक

‘काउबॉय बीबॉप’च्या पहिल्याच भागात जेट ढोबळी मिरची आणि गोमांसाची परतलेली भाजी वाढतो. स्पाइक ताट चिवडून बघतो, पण मांसाचा तुकडा काही सापडत नाही. साल 2071. माणूस मंगळावर राहायला गेलाय, या दोघांकडे स्वतःचं यान आहे, मारामारीत त्यांचा हात धरणारं कुणी नाही. फक्त खिशात दमडी नाही, कारण मागच्या गुन्हेगाराला पकडल्याचं बक्षीस त्याला पकडताना केलेल्या मोडतोडीच्या भरपाईत गेलंय. शिनिचिरो वातानाबेंच्या या 1998च्या मालिकेचं कौतुक होतं ते योको कान्नोंच्या जॅझसाठी आणि स्पाइकच्या उदास रुबाबासाठी. मला मात्र तिचा कणा त्या बिनमांसाच्या ताटात दिसतो.

पैसे घेऊन लोकांची अडलेली कामं उरकून देणाऱ्या टोळक्यांच्या कथा जपानी अ‍ॅनिमेत ढिगानं आहेत. त्यांना एकत्र बांधणारी गोष्ट मारामारी नव्हे. मारामारी तर सगळीकडेच असते. इथला विनोद तंगीतून येतो. काम मिळालं नाही तर उपास आणि मिळालं तर नुकसानभरपाई, या कात्रीतून तो निघतो. जपानीत अशा धंद्याला जुना शब्द आहे, ‘योरोझुया’. ‘योरोझु’ म्हणजे दहा हजार, पर्यायानं सगळंच. म्हणजे पडेल ते काम करणारा. आजचा शब्द ‘बेन्रिया’. सामान हलवणं, घर रिकामं करून देणं, हरवलेलं मांजर शोधणं, असली कामं करणारे हे लोक जपानी शहरांत खरोखर आहेत. शिओन मिउरा यांच्या अशाच एका बेन्रियावरच्या कादंबरीला 2006 साली नाओकी पुरस्कारही मिळाला.

या कुळाचा एक पूर्वज अ‍ॅनिमेबाहेरचा आहे. 1972पासून जपानी दूरचित्रवाणीवर गाजलेल्या ‘हिस्सात्सु’ मालिकांमध्ये इदो काळातली साधी माणसं रात्री सुपारी घेऊन दुर्जनांना संपवतात. त्यातला नाकामुरा मोंदो दिवसा ठाण्यात कुचकामी म्हणून ओळखला जातो आणि घरी बायको-सासूची बोलणी खातो. खुनाच्या आदल्या प्रसंगात सासू हजेरी घेतेय, ही विसंगती पुढच्या सगळ्यांनी उचलली.

‘डर्टी पेअर’ या विषयावरच्या चर्चेत हमखास येते, आणि ती माझ्या म्हणण्याला थोडी छेदही देते. हारुका ताकाचिहोंच्या कथांवरून सनराइझनं 1985मध्ये केलेल्या या मालिकेतल्या केई आणि युरी एका अवकाशव्यापी संस्थेच्या ‘अडचण सल्लागार’ आहेत. त्यांना पगार आहे, भाड्याची चिंता नाही. कागदोपत्री त्या ‘लव्हली एंजल्स’, पण जातील तिथे इतका विध्वंस होतो की जगानं दुसरंच नाव चिकटवलंय, आणि ते त्यांना मुळीच आवडत नाही. (हे नाव ‘ब्यूटी पेअर’ या त्या काळच्या लाडक्या महिला कुस्तीगीर जोडीवरून उलटं करून घेतलेलं.) गंमत अशी की दर वेळी संस्थेचा मुख्य संगणक निर्वाळा देतो, चूक यांची नाही. इथे बिल दुसरेच भरतात. कार्यालयीन चौकशीची ही थट्टा आजही ताजी आहे. त्यांचे तोकडे पोशाख तेवढे जुने वाटतात.

जुनेपण ‘सिटी हंटर’ला जास्त सोसावं लागतं. 1987मध्ये सुरू झालेल्या या मालिकेत शिंजुकू स्थानकातल्या निरोपाच्या फळ्यावर ‘एक्सवायझेड’ लिहिलं की र्यो साएबापर्यंत हाक पोहोचते. वर्णमालेतली शेवटची अक्षरं, म्हणजे आता दुसरा उपाय उरला नाही. अडला हरी गाढवाचे पाय धरी, हे गाढवानंच जाहीर करावं तसं. पण र्यो फक्त सुंदर स्त्रियांची कामं घ्यायला उतावीळ, त्यांच्या अंगचटीला जाणार आणि त्याची जोडीदार काओरी त्याच्या डोक्यात शंभर टनांचा हातोडा घालणार, हा ठेका 140 भाग चालतो. तेव्हाही तो लवकर शिळा झाला असणार. टिकला तो फळा. मोबाइल आल्यावर स्थानकांवरून तसले फळे नाहीसे होत गेले, तरी अनोळखी माणसानं खडूनं लिहिलेली ती तीन अक्षरं अजून कथा सुरू करायला पुरतात.

मग ‘गिंतामा’. हिदेआकी सोराचींच्या मांगावरून 2006मध्ये सुरू झालेली ही मालिका थांबत थांबत 367 भागांपर्यंत गेली. परग्रहावरचे लोक इदोत येऊन बसलेत, सामुराईंच्या तलवारी काढून घेतल्यात आणि गिंतोकी साकाता लाकडी तलवार कमरेला लावून काबुकिचोमध्ये ‘योरोझुया’ची पाटी टांगून बसलाय. खालच्या मजल्यावर घरमालकीण ओतोसेचा बार. भाडं महिनोन्‌महिने थकलेलं, शिनपाचीचा पगारही तसाच, कागुराची भूक दहा माणसांची आणि शिवाय घोड्याएवढा कुत्रा. मालक स्वतः गोड खाण्यात आणि ‘जम्प’ साप्ताहिक वाचण्यात गर्क. पराभूत देशाचा इतिहास इतक्या फाटक्या संसारात बसवण्याची ही युक्ती मला थोर वाटते.

तिच्यातला एक प्रसंग या सबंध प्रकाराचा नमुना म्हणून दाखवता येईल. आपल्या वरिष्ठाच्या पराभवाचा वचपा काढायला पोलीस अधिकारी हिजिकाता गिंतोकीला गाठतो, तेव्हा गिंतोकी कुणाचं तरी छप्पर दुरुस्त करतोय. द्वंद्व कौलांवरच होतं. एकाला मानाची पडलीय, दुसऱ्याला हातातल्या कामाची. संधी मिळूनही गिंतोकी माणूस कापत नाही, फक्त त्याची तलवार तोडतो. विनोद, मारामारी आणि माणसाचा स्वभाव एका छपरावर मावतात, आणि मावतात ते मजुरीच्या कामामुळे.

‘गिंतामा’ सगळीकडे अशी नाही. जपानी विनोदात एक जण वेडगळ बोलतो आणि दुसरा त्याला झापतो. आपल्या वगातल्या सोंगाड्याची सवय असलेल्याला ही जुगलबंदी परकी वाटू नये. पण शिनपाची प्रत्येक वाक्यावर किंचाळायला लागला की कान किटतात. कोट्या उपशीर्षकांत मरतात. गंभीर प्रकरणं लांबली की पहिल्यांदा गिऱ्हाईक गायब होतं, मग विनोद. तरीही पडद्यावर घराचं एकच स्थिर चित्र ठेवून मागे नुसते संवाद चालवायचे आणि काटकसरीचीच थट्टा करायची, हा निलाजरेपणा मला आवडतो. पात्रांइतकीच मालिकाही कंगाल!

आता हा प्रकार कुठे आहे? चित्रं कधी नव्हे इतकी देखणी आहेत. ‘साकामोतो डेज’मध्ये निवृत्त मारेकरी किराणा दुकान चालवतो आणि चघळायची गोळी तोंडातून उडवून बंदुकीची गोळी अडवतो. शेजारपाजारच्या बारक्या भानगडींत रमणारी ही कथा लवकरच मारेकऱ्यांच्या महायुद्धाकडे वळते आणि दुकान मागे पडतं. याला भागांची कमी संख्या जबाबदार आहे, असं सहज म्हटलं जातं. पण ‘बीबॉप’ही 26 भागांचीच होती. खरा फरक असा की तिचे बहुतेक भाग आपापल्या पायांवर उभे होते. आज बारा-तेरा भागांच्या हंगामात लांबलचक मांगाचा एखादा टप्पा पुरा करायचा असतो आणि पुढच्या हंगामासाठी प्रेक्षकाला टांगून ठेवायचं असतं. मांजर शोधायला येणाऱ्या म्हातारीला त्यात जागा कुठून मिळणार?

‘लायकोरिस रिकॉइल’ ही 2022ची मालिका मांगावरून घेतलेली नव्हती, म्हणून तिच्याकडून जास्त आशा होती. चिसातो आणि ताकिना या बंदूकधारी मुली एका कॅफेतून परिसराची नाना कामं करतात. पाळणाघरात मदत, परदेशी लोकांना जपानी शिकवणं, गुंडांच्या अड्ड्यावर कॉफी पोचवणं, हे सगळं पहिल्या भागात भरभर दाखवून मालिका मोठ्या कटाकडे धावते. या प्रत्येक कामाचा एकेक भाग झाला असता. आठव्या भागात मात्र ताकिना कॅफेचे हिशोब तपासते, धंदा तोट्यात असल्याचं तिच्या ध्यानात येतं आणि ती एक नवं चॉकलेट पार्फे तयार करते. त्याचा आकार भलत्याच गोष्टीसारखा झालाय हे तिला एकटीला कळत नाही. गिऱ्हाइकांची झुंबड उडते. मालिकेतला हा सगळ्यात मोकळा, सगळ्यात हसवणारा भाग. त्याच्याच शेवटी चिसातोच्या कृत्रिम हृदयावर घाला पडतो, आणि ताकिनाची हिशोबाची वही मिटते ती मिटतेच.