शालिमार: मनगटावर मुरणारा सुगंध
पॅरिसच्या गालेरी लाफायेत या भव्य दुकानात गेर्लँ या अत्तर-घराण्याचं ‘शालिमार’ मागावं, पण लगेच विकत घेऊ नये. एक फवारा कागदाच्या पट्टीवर घ्यावा, एक मनगटावर, आणि काउंटरवरून निघावं. हा सुगंध पूर्ण खुलायला काही तास लागतात. तेवढा वेळ दुकानाच्या १९१२ सालच्या रंगीत काचांच्या घुमटाखाली, मजल्यामजल्यांवरून रमतगमत हिंडण्यात सहज जातो.

सुरुवात बर्गमॉटची. या लिंबूवर्गीय फळाच्या सालीचं तेल इतक्या सढळ हाताने घातलंय की नवख्याला हा हलका, ताजा सुगंध वाटेल. पण मनगट नाकाजवळ नेलं की त्या आंबट लखलखाटाखालीच धुराची आणि कमावलेल्या चामड्याची कड जाणवते. पुढे येणाऱ्याची चाहूल शालिमारचा कर्ता जाक गेर्लँ पहिल्याच श्वासात देऊन ठेवतो, तीही किती हळुवारपणे!

मग गुलाब आणि जाई येतात. त्यांच्यापाशी फार रेंगाळू नये. आयरिसच्या मुळाची कोरडी, गार, पावडरीसारखी झुळूक तेवढी टिपावी.

खरं वैभव त्यानंतरच्या व्हॅनिलाचं. एथिल व्हॅनिलिन हे प्रयोगशाळेतलं द्रव्य साध्या व्हॅनिलिनपेक्षा बरंच तीव्र. काका एमे गेर्लँ यांच्या १८८९ सालच्या ‘जिकी’त जाकने ते ओतून पाहिलं आणि शालिमारची वाट सापडली, अशी कथा गेर्लँ घराण्यात सांगतात. एवढी व्हॅनिला एखाद्याने नुसती गोडमिट्ट करून ठेवली असती. इथे पुरणाला जायफळाने सावरावं तसं धूर आणि चामडं तिला सावरतात. गोडवा भरपूर, पण कुठेही चिकट नाही. या तोलाला माझ्या लेखी तोड नाही.

बाटलीकडेही निवांत पाहावं. शाहजहान-मुमताजच्या कथेतल्या शालिमार बागेवरून नाव घेतलेला हा सुगंध १९२५ च्या पॅरिसमधल्या सजावटी कलांच्या प्रदर्शनात मिरवला, तो रेमाँ गेर्लँने रेखलेल्या, बाकारा या काचकारखान्याच्या स्फटिकी बाटलीत. मुघल बागेतल्या कारंज्याच्या कुंडासारखी ती पायावर उभी, आणि वर पंख्यासारखं निळं बूच. काच जड असूनही बाटली किती डौलदार दिसते!

परत काउंटरवर आल्यावर पट्टी आणि मनगट आलटून पालटून हुंगावं. कातडीच्या उबेने व्हॅनिला जशी फुलते तशी कागदावर फुलत नाही. म्हणून घ्यायचाच तर अर्क, म्हणजे सुगंधाचं सर्वांत गाढ रूप, घ्यावा. त्यात बर्गमॉट लवकर वाट सोडतो आणि धुराची ती कड व्हॅनिलाला अगदी बिलगून राहते.