बोलणारा आणि लिहून घेणारा : धुळे तुरुंगातील अठरा रविवार

‘गीता प्रवचने’ या पुस्तकावर आजवर जे लिहिले गेले, ते बहुतेक गीतेच्या अर्थाविषयी आहे. मला येथे वेगळा प्रश्न विचारायचा आहे. माणसे एकत्र कशी येतात आणि संस्था आतून कशी बदलते, याचा दस्तऐवज म्हणून हे पुस्तक वाचता येईल का? संस्था म्हणजे या ठिकाणी तुरुंग.

२१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात विनोबांनी धुळे तुरुंगात गीतेच्या अठरा अध्यायांवर अठरा प्रवचने दिली. दर रविवारी एक. तारखा पंचांगावर ताडून पाहिल्या तर मधला एकही रविवार सुटलेला नाही. समोर सत्याग्रहात शिक्षा झालेले कैदी होते. तुरुंगात माणूस स्वेच्छेने येत नाही, शेजारी कोण असावा हे ठरवत नाही आणि नियम तर वरूनच येतात. अशा जागी विनोबांनी केवळ प्रवचने दिली नाहीत. दळणाचे काम राजकीय कैद्यांनी आपणहून अंगावर घ्यावे, असा आग्रह धरून ते स्वतः त्यात उतरले. प्रवचने वाचताना हे जाते कानाआड करून चालणार नाही.

माझ्या मते या दृष्टीने पुस्तकाचा कणा चौथा अध्याय आहे. ‘विकर्म’ या शब्दाचा रूढ अर्थ निषिद्ध कर्म. शंकराचार्यांचे भाष्य तोच घेते. विनोबा तो बाजूला ठेवतात आणि बाहेरच्या कर्माला मिळालेली मनाची जोड म्हणजे विकर्म, असे सांगतात. शब्दार्थाच्या काटेकोरपणाने पाहणाऱ्याला ही ओढाताण वाटेल, आणि तो आक्षेप मला गैरलागू वाटत नाही. पण श्रोते लक्षात घेतले की या अर्थाची निकड कळते. सक्तीचे काम आणि मनापासून केलेले काम बाहेरून सारखेच दिसते. जाते तेच, पीठ तेच. कैद्याला स्वतःचे म्हणता येईल असे काही उरत असेल, तर ते त्या जोडीतच उरते. याच अध्यायात विनोबा मुलाच्या पाठीवरून फिरणाऱ्या आईच्या हाताचा दाखला देतात.

हा दाखला लिहून घेणारा माणूस होता साने गुरुजी. पुस्तक आपल्याला मिळाले ते त्यांच्या हातातून. विनोबांविषयी बोलताना आपण ही गोष्ट कृतज्ञतेच्या एका ओळीत उरकतो. मला ती अधिक महत्त्वाची वाटते. साने गुरुजी स्वतः बोलणारे होते, लहान माणूस नव्हते. १९२४ ते १९३० अशी सहा वर्षे ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. छात्रालयाची जबाबदारी आल्यावर मुलांच्या खोल्या झाडणे, त्यांचे पसरलेले सामान नीट लावणे ही कामे त्यांनी स्वतः केली आणि ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक मुलांसाठी चालवले. ज्याच्या शब्दाला अमळनेरात मुले जीव लावत होती, तो धुळ्यात दुसऱ्याचे शब्द टिपत बसला. नेतृत्वाच्या चर्चेत या कृतीला आपल्याकडे नावच नाही.

त्यातून साहित्याला काय मिळाले? प्रवचनांच्या पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली. चौथ्या अध्यायाच्या प्रवचनाला तेव्हा अकरा महिने झाले होते. पुस्तकाची मांडणी पाहा : बेचाळीस रात्री, सांगणारा श्याम, भोवती आश्रमातील सोबती, रोज एक प्रसंग आणि घरगुती दाखल्यांतून उलगडणारा विचार. अठरा रविवारांची बैठकच येथे रात्रींच्या रूपाने आली आहे, असे माझे अनुमान आहे. कीर्तनाची परंपरा आणि कोकणातले बालपण हे उगम आहेतच; मी त्यांत धुळ्याची भर घालतो. आधी ऐकले, मग सांगितले, हा क्रम मला आकस्मिक वाटत नाही.

या वाचनाची एक मर्यादा सांगायला हवी. अमळनेरचे छात्रालय एका माणसाच्या मायेवर उभे होते. तो माणूस १९३० साली सत्याग्रहासाठी निघून गेला. एकाच्या हस्ताक्षरात निघणारे दैनिक त्या हाताबरोबर थांबण्याचा धोका नेहमीच असतो. माया बदल घडवते, पण तो टिकवण्याची व्यवस्था आपोआप लावत नाही. धुळ्यातील काम टिकले, कारण तेथे दोघे होते. एकाने बोलण्याची शिस्त पाळली, दुसऱ्याने टिपण्याची. आणि टिपलेले विनोबांनी नजरेखालून घातले. विश्वास आणि तपासणी यांचे वाकडे नव्हते. म्हणूनच तुरुंगाच्या भिंतीआडचे बोलणे पुढे अनेक भारतीय भाषांत गेले.

खानदेशात नंतर शिक्षणसंस्था, दूध संघ, सूतगिरण्या, पतसंस्था उभ्या राहिल्या. त्यांचे अहवाल आणि गौरवग्रंथ मी चाळतो तेव्हा अध्यक्षांची भाषणे सापडतात; सभेत कोणी काय विचारले, कोणाचे म्हणणे नोंदले गेले, हे शोधावे लागते. संस्थापक गेले की पुढच्या पिढीला पुतळा मिळतो, कामाची रीत मिळत नाही. तिच्यासाठी लिहून घेणारा लागतो, आणि तो हुजऱ्या असून भागत नाही. स्वतः बोलू शकणारा असावा लागतो. नेता निवडताना आपण कोण चांगले बोलतो ते पाहतो. त्याच्याजवळ बसून टिपून घेणारा कोण आहे, आणि तो दाखवील ती चूक नेता ऐकून घेतो का, हेही पाहायला हवे.