लोकशाहीर राम जोशी

लोकशाहीर राम जोशी : मुंबईच्या राजकमल कलामंदिर या संस्थेने निर्मिलेला मराठी संगीतप्रधान चित्रपट (१९४७). उत्तर पेशवाईतील शाहीर राम जोशी याच्या जीवनावर तो आधारलेला आहे. दिग्दर्शक म्हणून बाबूराव पेंटर यांचे नाव असून चित्रपट पूर्ण करण्यात व्ही. शांताराम यांचाही वाटा होता. लेखन व गीते ग. दि. माडगूळकरांची, तर संगीत वसंत देसाई यांचे आहे. राम जोशीची भूमिका जयराम शिलेदार यांनी व तमासगीर स्त्री बया हिची भूमिका हंसा वाडकर यांनी केली. ‘मतवाला शायर राम जोशी’ या नावाने त्याची हिंदी आवृत्तीही निघाली. मराठी तमाशापटांची परंपरा या चित्रपटापासून सुरू झाली, असे सामान्यतः मानले जाते.

ऐतिहासिक राम जोशी (निधन १८१२) हा सोलापूरच्या ब्राह्मण कुटुंबातील. तमाशाच्या नादापायी त्याला घर सोडावे लागले. पुढे त्याने संस्कृताचे अध्ययन केले. कवी मोरोपंतांशी त्याचा स्नेह जुळला आणि कीर्तनकार म्हणूनही त्याने कीर्ती मिळविली. संस्कृतप्रचुर समास आणि बोलीतील ठसका यांचा मेळ हे त्याच्या लावणीचे वैशिष्ट्य. शास्त्र आणि शृंगार, पोथी आणि ढोलकी यांमधील ओढाताण हाच त्याच्या चरित्राचा गाभा असून चित्रपटाने नेमका तोच उचलला आहे.

या निवडीचे महत्त्व कळण्यासाठी तत्पूर्वीच्या बोलपटांतील संगीताकडे पाहावे लागते. ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) या बोलपटापासून मराठी चित्रपटगीत प्रामुख्याने संगीत नाटकातील पदाच्या वळणाने गेले. पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने ‘संत तुकाराम’मध्ये (१९३६) अभंगाला पडद्यावर मानाचे स्थान दिले. लावणी मात्र खेडोपाडी लोकप्रिय असूनही पांढरपेशा घरांत वर्ज्य होती. अशीच स्थिती अर्जेंटिनात टँगो या नृत्यगीताची होती. ब्वेनोस आयरीझच्या गरीब वस्त्यांतून वर आलेला टँगो तेथील प्रतिष्ठितांनी प्रथम हीन मानला. पॅरिसमध्ये तो लोकप्रिय झाल्यावर त्याला घरी मान मिळाला. १९३३ साली लुईस मोग्लिया बार्थ यांच्या ‘टँगो’ या चित्रपटाने तेथील बोलपटयुगाला चालना दिली. त्यात कथानक केवळ निमित्तापुरते असून नामांकित गायक-गायिकांची गाणी हेच आकर्षण होते. लावणीला पॅरिसचे प्रशस्तिपत्र नव्हते. तिला ते घरच्या पंडिताकडून मिळवून देणे, हे या मराठी चित्रपटाचे कार्य ठरले.

कलादृष्ट्या चित्रपटाचे खरे यश गीतांच्या योजनेत आहे. येथे गाणे कथेला विश्रांती देण्यासाठी येत नाही. तेच कथा पुढे नेते. सवाल-जबाबाच्या प्रसंगी गाणे हाच संवाद, तोच वाद आणि तेच प्रेमाचे पहिले पाऊल होते. नायक-नायिकेची ओळख त्यांच्या बुद्धीच्या झुंजीतून व्हावी, ही कल्पना तमाशाच्या फडातच रुजलेली असल्याने ती उपरी वाटत नाही. माडगूळकरांनी जुन्या शाहिराच्या मूळ रचनांशेजारी आपली नवी गीते अशी बसविली आहेत, की ऐकताना सांधा जाणवू नये. प्रभातमध्ये तयार झालेल्या वसंत देसाई यांनी ढोलकी व तुणतुणे यांचा बाज राखला. ‘संत सखू’मध्ये (१९४१) सोशिक भक्ताची भूमिका करणाऱ्या हंसा वाडकर येथे चपळ, मानी व हजरजबाबी स्त्री म्हणून उभ्या राहतात, त्यांच्या कारकीर्दीला या भूमिकेने वेगळे वळण दिले. ‘सैरंध्री’ (१९२०) व ‘सावकारी पाश’ (१९२५) यांचे कर्ते बाबूराव पेंटर येथे आपल्याच शिष्याच्या संस्थेत काम करीत होते, ही घटनाही लक्षणीय आहे.

चित्रपटाची मर्यादा त्याच्या यशातच दडलेली आहे. शिलेदार हे संगीत रंगभूमीवरचे कसलेले गायक. त्यांच्या गळ्यातील नाट्यसंगीताची सफाई लावणीला लाभली आणि तिचा रांगडा उघडेपणा निवला. शिवाय ज्या महार, मांग व कोल्हाटी कलावंतांनी ही कला पिढ्यान्‌पिढ्या जगविली, ते येथे पार्श्वभूमीला राहतात. मध्यभागी असतो तो जात ओलांडून आलेला ब्राह्मण. असे ओलांडणे कल्पित नव्हते. पठ्ठे बापूराव ऊर्फ श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी (१८६६–१९४५) यांनी पवळा या महार समाजातील कलावतीसह फड गाजविला आणि हलाखीत देह ठेवला; त्यानंतर अवघ्या दोन वर्षांनी हा चित्रपट आला. परंतु जात सोडणाऱ्याचा त्याग कथेचा विषय होतो, आणि जिला सोडण्यासारखे काही नव्हतेच तिचे दुःख नायकाच्या चरित्रातील एक प्रकरण ठरते. सवाल-जबाबात बरोबरीची असलेली बया कथेत बरोबरीची राहत नाही. याच सुमारास, स्वातंत्र्यानंतर लगेच, मुंबई राज्यात तमाशावर निर्बंध आले आणि पुढे संहिता तपासून परवाना देण्याची पद्धत रूढ झाली. शुद्ध केलेला तमाशा पडद्यावर आणि निर्बंधित तमाशा कनातीत, असे दुहेरी चित्र त्यामुळे दिसते.

या चित्रपटाचा प्रभाव दीर्घकाळ टिकला. राजकमलनेच होनाजी बाळा या शाहिरावर ‘अमर भूपाळी’ (१९५१) काढला. अनंत माने यांच्या ‘सांगत्ये ऐका’ने (१९५९) हंसा वाडकर यांनाच पुन्हा तमासगीर स्त्रीची भूमिका दिली, तेथे मात्र कथेचा केंद्रबिंदू स्त्रीकडे सरकला. पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात तो १३१ आठवडे चालला. शांताराम यांच्या ‘पिंजरा’त (१९७२) मूळ सूत्र उलटे झाले : राम जोशीला कवी म्हणून घडविणारा तमाशा तेथे आदर्श शिक्षकाच्या विनाशाचे कारण होतो. दरम्यानच्या अनेक चित्रपटांत सवाल-जबाब, पाटील व फड यांचा ठरीव साचा बनला. त्या साच्यातील बहुतेक घटक ‘लोकशाहीर राम जोशी’त सापडतात, पण तेथे ते एका कवीच्या अंतर्द्वंद्वाशी बांधलेले आहेत. म्हणूनच अनुकरणांच्या गर्दीतही मूळ चित्रपट ताजा वाटतो. लावणीला त्याने मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात बसविले. ती गाणाऱ्या स्त्रीला तेथे बसविण्याचे काम मात्र त्याच्याकडून अपुरेच राहिले.