टकरींची ५९ छायाचित्रे : दिसलेलं किती, जोडलेलं किती?

२४ एप्रिल २००८ रोजी, हबल दुर्बिणीच्या उड्डाणाला १८ वर्षं झाली तेव्हा, एकमेकींशी भिडणाऱ्या दीर्घिकांची ५९ छायाचित्रे एकदम प्रसिद्ध झाली. ती पडद्यावर पाहताना 'वा!' निघतंच तोंडातून. निघू द्या. पण मग जरा थांबून विचारू या, की आपण नेमकं पाहतो आहोत काय?

पहिली अडचण 'टक्कर' या शब्दाची. तो ऐकला की दोन ट्रक समोरासमोर धडकल्यासारखं वाटतं. सूर्य मोहरीएवढा मानला, तर शेजारचा तारा साधारण ४० किलोमीटरवर येईल. एवढ्या मोकळ्या जागेत तारे एकमेकांवर जवळपास आदळतच नाहीत. आदळतात ते वायूचे ढग. ते दाबले जातात आणि त्यांतून नवे तारे जन्मतात. 'अँटेनी' या जोडीच्या चित्रातले निळे झुबके म्हणजे असेच तरुण तारकागुच्छ.

दुसरी अडचण क्रमाची, आणि ती जास्त महत्त्वाची. आधी जवळ आलेली जोडी, मग लांब शेपट्या, शेवटी एकजीव झालेला गोळा, अशी चित्रं ओळीनं मांडली की सिनेमा चालल्यासारखा वाटतो. पण प्रत्येक चित्रातल्या दीर्घिका वेगळ्या! एकच विलीनीकरण पूर्ण व्हायला कोट्यवधी वर्षं लागतात; ते सबंध कुणीच पाहिलेलं नाही. हा क्रम गणितानं लावलेला आहे. अलार आणि युरी टूमरे या भावांनी १९७२मध्ये संगणकावर दाखवलं, की अशा शेपट्या केवळ गुरुत्वाकर्षणाच्या ओढीनं तयार होऊ शकतात. छायाचित्रात ही आकडेमोड दिसत नाही, पण सगळी कथा उभी आहे ती तिच्यावरच.

हे विसरलं तर काय होतं? हबलच्या मोजमापांवरून २०१२मध्ये जाहीर झालं, की सुमारे ४०० कोटी वर्षांनी देवयानी दीर्घिका आपल्या आकाशगंगेवर आदळणार. आपण ते अटळ मानलं. २०२५मध्ये हबल आणि गाया यांची मोजमापं घेऊन पुन्हा गणित मांडलं, शेजारच्या इतर दीर्घिकांची ओढही धरली, तेव्हा पुढच्या १,००० कोटी वर्षांत तसं होण्याची शक्यता निम्म्यावर आली.

यात चित्रांचा दोष नाही. त्यांच्यामधल्या रिकाम्या जागा आपण न सांगता भरतो, दोष तिथे आहे. पुढच्या वेळी असं चित्र मोबाइलवर आलं, की कौतुक जरूर करू. पण त्यात दिसलेलं किती आणि जोडलेलं किती, हेही विचारू.