मलबार, कोकण, इत्यादी

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला हूकर आणि थॉमसन यांनी हिंदुस्थानातल्या वाळवलेल्या वनस्पतींचे संच निरनिराळ्या हर्बेरियमना वाटले. त्यांतल्या पश्चिम किनाऱ्याकडच्या पुष्कळ नमुन्यांवर एकच छापील चिठ्ठी आढळते. स्थळ: ‘मलबार, कोकण, इत्यादी’. संग्राहक: ‘स्टॉक्स, लॉ, इत्यादी’. या चिठ्ठीला कोणी आळशी म्हणेल. मला ती प्रामाणिक वाटते. अनेकांचे साहित्य एकत्र झाले होते, कोणते पान कोणी कुठून आणले हे सांगता येत नव्हते, आणि तिने ते सांगण्याचा आव आणला नाही.

ही चिठ्ठी संगणकात भरायला घेतली की अडचण सुरू होते. हर्बेरियमसाठी ऑक्सफर्ड विद्यापीठात तयार झालेली ब्राम्स ही प्रणाली घ्या (त्या नावाच्या संगीतकाराशी तिचा संबंध उच्चारापुरताच). नोंदी बहुधा एक्सेलच्या तक्त्यात लिहिलेल्या असतात. त्यांचे रकाने प्रणालीच्या रकान्यांशी जुळवून त्या आयात करायच्या. मुख्य संग्राहक एका रकान्यात, सोबतचे दुसऱ्यात. झाले! स्टॉक्स मुख्य ठरला, लॉ त्याचा सोबती. दोघे त्या झाडापाशी एकत्र उभे होते असे चिठ्ठी कुठेच म्हणत नाही. ‘इत्यादी’ला तर रकानाच नाही, म्हणजे ज्यांची नावे मुळात छापली गेली नाहीत ते दुसऱ्यांदा गळाले.

स्थळाचे त्याहून वाईट होते. नकाशासाठी अक्षांश-रेखांश हवेत म्हणून कोणी ‘कोकण’चा मध्यबिंदू काढतो. तो बिंदू कुठल्यातरी खऱ्या गावाच्या शिवारात पडतो आणि जिथे ती वनस्पती कोणी पाहिल्याचा पुरावा नाही, तिथे ती उगवते. पुढे या ठिपक्यांवरून प्रजातीचा प्रदेश मोजला जातो. ती दुर्मीळ की सर्वत्र आढळणारी, हेही त्यावरून ठरते.

तारखेच्या बाबतीत दोष प्रणालीचा नाही. ब्राम्सने दिवस, महिना, वर्ष वेगळे ठेवले आहेत, आणि ते शहाणपणाचे आहे. घोटाळा आधीच, एक्सेलमध्ये होतो. ०५/०८/१९०३ ही ५ ऑगस्टची तारीख अमेरिकी मांडणी असलेल्या संगणकावर ८ मे होते. २५ ऑगस्ट असती तर पंचविसावा महिना नसल्यामुळे ती तारीख म्हणून स्वीकारलीच गेली नसती आणि चूक नजरेस आली असती. बारापर्यंतचे दिवस मात्र मुकाट्याने उलटतात. मग पावसाळ्यात सड्यावर फुलणारी सीतेची आसवे भर मे महिन्यात, कातळ तापलेला असताना फुललेली दिसतात. फुलोऱ्याचा काळ बदलतो आहे का, हे तपासणाऱ्याने अशा नोंदीवर काय विश्वास ठेवावा?

माझा आक्षेप आयातीला नाही. कपाटातले नमुने दूरच्या अभ्यासकाला दिसावेत, याला दुसरा मार्गच नाही. आक्षेप आहे तो ‘त्रुटी: शून्य’ असे पडद्यावर आले की काम संपले असे मानण्याला. रकाना भरलेला आहे का आणि त्याचा साचा बरोबर आहे का, एवढेच ती तपासणी पाहते. चिठ्ठीवर ते होते का, हे पाहत नाही. वास्तविक नोंदींच्या देवाणघेवाणीसाठी ठरलेल्या डार्विन कोअर या मानकात मूळ स्थळ आणि मूळ तारीख जशीच्या तशी लिहायला स्वतंत्र रकाने आहेत. स्थान किती मीटरपर्यंत चुकीचे असू शकते यासाठीही एक आहे. ते सक्तीचे नाहीत आणि घाईत नेमके तेच रिकामे राहतात. नरक्याच्या जुन्या पानावर ‘मॅपिया फीटिडा’ लिहिलेले असते. आजचे ‘नोथापोडायटिस निम्मोनियाना’ त्यावर चढवावेच, पण जुने नाव पुसून नव्हे.

हूकर-थॉमसनची ती चिठ्ठी माझ्यापुढे आली तर तिचा मजकूर ‘इत्यादी’सकट मूळ स्थळाच्या रकान्यात उतरवीन. मुख्य संग्राहक कोण हे निश्चित नाही, असा शेरा लिहीन. अक्षांश-रेखांश कोरे सोडीन, अगदी कोरे. तिथे शून्य पडले तर कोकणातला नमुना आफ्रिकेजवळ, गिनीच्या आखातात जाऊन बुडतो.