केशरोपण : भरती की बदली?

डावीकडे टक्कल, उजवीकडे दाट केस आणि खाली ‘कायमचा उपाय’ हे शब्द. केशरोपणाची अशी जाहिरात आपण सर्वांनी पाहिली आहे. तिच्यातला ‘कायमचा’ हा शब्द अर्धाच खरा आहे, असे आमचे म्हणणे आहे.

तो खरा कुठे आहे ते आधी पाहू. न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ओरेंट्रीच यांनी आपले प्रयोग १९५९ साली प्रसिद्ध केले. डोक्याच्या मागच्या बाजूचे, केसांसह काढलेले त्वचेचे लहान तुकडे त्यांनी टकलावर बसवले आणि टकलावरचे तुकडे मागच्या केसांत. मागून आणलेल्या तुकड्यांत केस वाढतच राहिले. टकलावरचे तुकडे दाट केसांत जाऊनही उजाडच राहिले. म्हणजे टक्कल पडण्याचा गुण जागेत नसून केसाच्या मुळात आहे. रक्त साऱ्या डोक्याला तेच, त्यातली संप्रेरकेही तीच. पण डीएचटी या पुरुषी संप्रेरकापुढे कपाळाजवळची आणि टाळूवरची मुळे आनुवंशिकतेमुळे हार खातात, मागची सहसा खात नाहीत. (टोपीमुळे रक्तपुरवठा अडून टक्कल पडते, ही समजूतही येथेच निकालात निघते.) अदलाबदल करून कारण शोधण्याचे इतके सरळ उदाहरण वर्गात जरूर सांगावे.

आता उरलेला अर्धा भाग. केशरोपणात एकही नवा केस तयार होत नाही. शिक्षकांच्या ओळखीच्या भाषेत, ही भरती नव्हे, बदली आहे. मागची जागा रिकामीच राहते आणि मागचा साठा काही अमर्याद नसतो. शिवाय बदलून आलेले केस टिकले तरी शेजारचे मूळचे केस गळतच राहतात, कारण मूळ कारणाला कोणी हात लावलेला नसतो. पंचविशीत कपाळावरची रेषा भरून घेतलेल्या तरुणाला चाळिशीत पुढे केसांची पट्टी आणि तिच्यामागे टक्कल, असे विचित्र रूप येऊ शकते. म्हणून जाणते डॉक्टर वय, घराण्यातले टक्कल आणि औषधे यांचा विचार आधी करतात, आणि कधी कधी नकारही देतात. जाहिरात नकार देत नाही. लावलेले बहुतेक केस पहिल्या काही आठवड्यांत गळतात व तीन-चार महिन्यांनी पुन्हा उगवू लागतात, हेही ती सांगत नाही.

कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहणे म्हणजे या शस्त्रक्रियेचे पुरेसे प्रशिक्षण नव्हे, असे राष्ट्रीय वैद्यक आयोगाला २०२२ साली लेखी बजावावे लागले, यावरून या धंद्याची कल्पना यावी.

पुढच्या वेळी अशी जाहिरात दिसली की अकरावी-बारावीच्या मुलांना एकच प्रश्न घालावा : उजवीकडचे छायाचित्र शस्त्रक्रियेनंतर किती वर्षांनी काढले आहे?