फाइल आहेच, पण कोणती?

संगणक नेटवर्कला जोडायचा म्हणजे त्याच्या नेटवर्क इंटरफेसला पत्ता द्यायचा आणि तो चालू करायचा. लिनक्सवर हे काम आपण पुष्कळ वर्षे 'इफकॉन्फिग' या आज्ञेने केले. ही आज्ञा १९८३ च्या ४.२ बीएसडी युनिक्समधली. पण हेच काम प्रोग्रॅममधून करायचे असेल तर? बरेच जण प्रोग्रॅममधून आज्ञाच चालवतात आणि तिने छापलेल्या मजकुरातून पत्ता वेचतात. हा मजकूर माणसाने वाचायचा असतो. जुन्या आवृत्तीत पत्त्याआधी 'इनेट अ‍ॅडर' छापून येई, नव्या आवृत्तीत नुसते 'इनेट'. तेवढ्यानेही वेचणी फसते.

पायथॉनची 'पायरूट२' ही लायब्ररी या वाटेने जात नाही, आणि आम्हाला ती आवडते ती यासाठीच. ती 'नेटलिंक'मधून थेट कर्नलशी बोलते. नेटलिंकच्या संदेशाला १६ बाइटांचे शीर्ष असते, पुढे गुणधर्म येतात. प्रत्येक गुणधर्म आपली लांबी आणि आपला प्रकार आधी सांगतो. त्यामुळे कर्नल उद्या एखादा नवा गुणधर्म पाठवू लागला, तरी जुना प्रोग्रॅम तेवढे बाइट ओलांडून पुढचे वाचतो. पत्र्याच्या डब्यांवर चिठ्ठ्या असाव्यात तसे हे आहे.

इंटरफेसला नावाऐवजी क्रमांकाने हाक मारावी लागते, याचा नवशिक्यांना त्रास होतो. आम्हाला मात्र ते योग्य वाटते. नाव बदलता येते. इंटरफेस असेपर्यंत क्रमांक टिकतो.

आमची खरी तक्रार चुकांच्या निरोपाबद्दल आहे. एकच पत्ता दोनदा द्या: चूक क्रमांक १७, 'फाइल एक्झिस्ट्स'. विद्यार्थी बिचारा फाइल शोधत बसतो! युनिक्सने हे क्रमांक ठरवले तेव्हा डोळ्यांपुढे फायली होत्या; 'आधीपासून आहे' एवढाच त्याचा अर्थ. दोष मूळचा युनिक्सचा खरा, पण इतकी कामे सोपी करणाऱ्या लायब्ररीने हा निरोप जसाच्या तसा पुढे का ढकलावा? शिकणारा अडतो तो नेमका इथे.

वर्गात करून पाहताना खऱ्या इंटरफेसला हात लावू नका, नाहीतर अख्ख्या कक्षाची जोडणी जाईल. 'डमी' प्रकारचा इंटरफेस तयार करा. (त्यासाठी रूटचे अधिकार लागतात.) त्याला १९२.०.२.१ हा पत्ता द्या; ही पत्त्यांची मालिका उदाहरणांसाठीच राखून ठेवलेली आहे. मग संगणक बंद करून पुन्हा सुरू करा, आणि तो पत्ता कुठे गेला हे मुलांनाच विचारा.